निवृत्त सेनापतीचं रक्षण कुणी करायचं? लष्करी पोलिसांच्या अंगरक्षक तुकड्यांबद्दल

अक्षांश (धागाकर्ता)

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांभोवती सीक्रेट सर्व्हिसची माणसं असतात हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्या संरक्षणमंत्र्यांभोवती मात्र सीक्रेट सर्व्हिस नसते. कोट-टाय घातलेली, कानात इअरपीस असलेली ती माणसं भूदलाच्या गुन्हे तपास विभागाची, म्हणजे आर्मी सीआयडीची असतात. या विभागाची मुळं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, जनरल पर्शिंग यांच्या फौजेतल्या लष्करी पोलिसांत आहेत. १९७१ मध्ये त्याची वेगळी कमांड झाली. त्यातली संरक्षक तुकडी व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉरवरून चालते. संरक्षणमंत्री, उपसंरक्षणमंत्री, संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, भूदलाचे प्रमुख, आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेले परदेशी संरक्षणमंत्री यांची जबाबदारी तिच्याकडे असते. नौदलाच्या वरिष्ठांना एनसीआयएस हे नौदलाचं तपास खातं सांभाळतं, हवाई दलाच्या वरिष्ठांना ओएसआय हे हवाई दलाचं. खुद्द पेंटॅगॉनच्या इमारतीसाठी २००२ पासून आणखी एक वेगळी यंत्रणा आहे.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. या संरक्षणाचा पाया शहाणपणापेक्षा धक्क्यांनी घातला गेला, आणि ते धक्के विसरले जात आहेत असं मला वाटतं.

२५ जून १९७९. नाटोचे सरसेनापती अलेक्झांडर हेग बेल्जियममध्ये मॉन्सजवळून मुख्यालयाकडे निघाले होते. जर्मनीच्या रेड आर्मी फॅक्शन या डाव्या दहशतवादी संघटनेने रस्त्याखाली बॉम्ब पेरला होता. तो किंचित उशिरा फुटला. हेग यांची गाडी पुढे निघून गेली होती, मागच्या गाडीतले तीन अंगरक्षक जखमी झाले.

१५ सप्टेंबर १९८१, हायडेलबर्ग. युरोपातल्या अमेरिकन भूदलाचे प्रमुख जनरल फ्रेडरिक क्रोसेन यांच्या मर्सिडीजवर त्याच संघटनेने आरपीजी, म्हणजे खांद्यावरून उडवायचा रॉकेट ग्रेनेड, डागला. गाडी चिलखती होती म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी किरकोळ जखमांवर वाचले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ डिसेंबर १९८१ ला, इटलीत व्हेरोनामध्ये ब्रिगेडियर जनरल जेम्स डोझियर यांच्या घरी प्लंबर म्हणून माणसं आली. ती रेड ब्रिगेड्स या इटलीतल्या डाव्या दहशतवादी संघटनेची होती, आणि त्यांनी डोझियर यांना पळवून नेलं. बेचाळीस दिवसांनी पादुआच्या एका फ्लॅटमधून इटालियन पोलिसांच्या विशेष पथकाने त्यांना सोडवलं. डोझियर हेग किंवा क्रोसेन यांच्या दर्जाचे नव्हते, म्हणून त्यांच्या दाराशी कुणी नव्हतं. अपहरणकर्त्यांनी हुद्दा पाहिला नाही, सोपं दार पाहिलं.

आता अलीकडचं. जानेवारी २०२० मध्ये इराणचे सेनापती कासिम सुलेमानी अमेरिकेच्या हल्ल्यात मारले गेले. त्यानंतर इराणने अमेरिकेच्या तत्कालीन अधिकाऱ्यांना उघड धमक्या दिल्या. तेव्हा सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष होते जनरल मार्क मिली. ते २०२३ मध्ये निवृत्त झाले आणि धोका असल्यामुळे त्यांचं संरक्षण पुढे चालू राहिलं. जानेवारी २०२५ च्या अखेरीस, तेव्हा नव्याने आलेले संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी ते काढून घेतलं.

मिली यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो. संरक्षण खुर्चीला द्यायचं की धोक्याला? माझं म्हणणं सरळ आहे: धोक्याला. निवृत्तीची तारीख सरकार ठरवतं, धोक्याची तारीख शत्रू ठरवतो.

---

मृगधारा

माहिती आवडली. पण मूळ प्रश्न विचारते: सीक्रेट सर्व्हिस असताना लष्कराने वेगळी तुकडी का ठेवायची? अंगरक्षणाचं तंत्र तर एकच असणार ना?

---

अक्षांश

@मृगधारा, तंत्र बरंचसं सारखं आहे, जागा वेगळ्या आहेत. संरक्षणमंत्री एका दिवशी ब्रसेल्समध्ये असतो, दुसऱ्या दिवशी एखाद्या युद्धभूमीतल्या तळावर. तिथे हेलिकॉप्टर कुणाचं, तळाचा कमांडर कोण, गोळीबार झाला तर कोणाच्या आदेशाने हलायचं, जखमीला कुठल्या फील्ड हॉस्पिटलमध्ये न्यायचं, हे सगळं लष्करी व्यवस्थेतून जातं. तिथे बाहेरच्या यंत्रणेचा माणूस पाहुणा ठरतो. लष्करी पोलीस त्याच व्यवस्थेतला असतो.

दुसरं कारण तपासाचं. धमकीचं पत्र आलं, कुणी घराचे फोटो काढताना दिसलं, तर त्याचा माग काढणारं आणि शेजारी उभं राहणारं खातं एकच असणं सोयीचं पडतं. सीआयडीत अंगरक्षकाचं काम करणारे बरेचसे मुळात तपास अधिकारीच असतात.

एक मर्यादाही सांगतो. अमेरिकेत १८७८ चा पॉसी कोमिटाटस कायदा आहे. देशांतर्गत नागरी कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सैन्य वापरण्यावर त्याने बंधन घातलं आहे. त्यामुळे लष्करी अंगरक्षक रस्त्यावरच्या पोलिसासारखा वागू शकत नाही. प्रत्येक शहरात त्याला स्थानिक पोलिसांबरोबर काम करावं लागतं.

---

रेडकॅप_निवृत्त

मी आपल्या कोअर ऑफ मिलिटरी पोलिसमधून निवृत्त झालो. ज्या गोष्टी लिहू नयेत त्या लिहिणार नाही, पण कामाचं स्वरूप सांगतो. लोकांना आम्ही फक्त लाल टोपी, पांढरा पट्टा आणि परेडच्या वेळी ट्रॅफिक अडवणारे म्हणून माहीत असतो.

व्हीआयपी येणार म्हटलं की काम तो यायच्या दिवशी नसतं, त्याच्या आधी असतं. माणूस जाऊन मार्ग पाहतो. सांगायला सोपं आहे. पण मार्ग पाहणं म्हणजे गाडीतून एक चक्कर मारणं नव्हे. गाडी कुठे सक्तीने हळू होणार? वळण, गतिरोधक, रेल्वे फाटक, बाजाराचा दिवस. थांबावं लागलं तर दार कुठल्या बाजूला उघडणार? उतरल्यापासून दारापर्यंत किती पावलं, आणि तेवढ्यात उजव्या हाताला कुठली खिडकी येते? लिफ्ट बंद पडली तर जिना कुठला, त्याच्या तळाशी कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे? जवळचं हॉस्पिटल कोणतं, तिथे रक्त मिळतं का, आणि त्या वेळी रस्ता किती मिनिटांचा आहे? नकाशावरचं अंतर तिथे उपयोगाचं नाही.

नंतर ताफा. पुढे पायलट, मध्ये साहेबांची गाडी, मागे एस्कॉर्ट. सगळ्यात कठीण काम ड्रायव्हरचं. हल्ला झाला तर गाडी थांबवायची नाही, हे शिकवावं लागतं. माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. तो ॲक्सिलरेटरवर जावा म्हणून पुन्हा पुन्हा सराव करून घ्यावा लागतो. पायी चालताना अंगरक्षकाचं पहिलं काम साहेबांना झाकून तिथून बाहेर काढणं. हल्लेखोराशी लढत बसणं त्यानंतर, आणि तेही दुसऱ्याने. तरण्या जवानाला हे पटवणं सोपं नसतं, कारण त्याला सैन्यात शत्रूवर चालून जायला शिकवलेलं असतं. इथे शत्रूकडे पाठ करून आपला माणूस उचलून न्यायचा असतो.

आपल्याकडची रचना अमेरिकेसारखी एकहाती नाही. छावणीत आणि लष्करी कार्यक्रमांत आम्ही, बाहेर स्थानिक पोलीस, आणि ज्यांना गृहमंत्रालयाची श्रेणी आहे त्यांना त्या त्या दलाचं कडं. तेव्हाचे सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख, जनरल अनिल चौहान यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये झेड प्लस मिळाली तेव्हा जबाबदारी दिल्ली पोलिसांकडे गेली. एका माणसाभोवती दोन-तीन खाती असली की सांधा जिथे येतो तिथे लक्ष ठेवावं लागतं. साहेब छावणीच्या गेटबाहेर पडले, आणि आत्ता या क्षणी जबाबदार कोण, हे दोन्हीकडच्या शेवटच्या शिपायाला माहीत पाहिजे.

---

सह्यकडा

सुभेदार साहेब (हुद्दा चुकला असेल तर सांगा), तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मूळ मुद्द्यावर आपल्याला अमेरिकेपर्यंत जायचीसुद्धा गरज नाही. जनरल अरुणकुमार वैद्य. दोन महावीर चक्रं, १९६५ आणि १९७१. ऑपरेशन ब्लूस्टारच्या वेळी सेनाप्रमुख. जानेवारी १९८६ च्या अखेरीस निवृत्त होऊन पुण्याला स्थायिक झाले. १० ऑगस्ट १९८६ ला बाजारातून घरी परतत होते, गाडी स्वतः चालवत होते, शेजारी पत्नी, मागे एक सुरक्षा रक्षक. मोटरसायकलवरून दोघे आले आणि जवळून गोळ्या झाडल्या. जनरल जागीच गेले. पत्नी जखमी झाल्या. सुखा आणि जिंदा या खलिस्तानवादी मारेकऱ्यांना ऑक्टोबर १९९२ मध्ये येरवड्याला फाशी झाली.

निवृत्तीला जेमतेम सहा महिने झाले होते. धोका गुप्त नव्हता, धमक्या येत होत्या. एक रक्षक होता, पण तो मागच्या सीटवर, आणि ज्याचं रक्षण करायचं तो स्टिअरिंगवर. रेडकॅप साहेबांनी वर जे सगळं लिहिलं आहे, मार्ग, ताफा, शिकवलेला ड्रायव्हर, त्यातलं तिथे काय होतं?

पुढचं उदाहरणही त्याच कारवाईचं. ब्लूस्टारचं नेतृत्व करणारे लेफ्टनंट जनरल कुलदीपसिंग ब्रार यांच्यावर ३० सप्टेंबर २०१२ ला लंडनमध्ये भर रस्त्यात चाकूहल्ला झाला. पत्नीबरोबर सुट्टीवर होते. ब्लूस्टार जून १९८४ चं. अठ्ठावीस वर्षं! भारतात त्यांना कडक संरक्षण होतं, हल्लेखोरांनी ते नसलेली जागा निवडली. ब्रार साहेब स्वतः झटापट करून वाचले.

म्हणून अक्षांश यांच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. सैनिक हुकूम पाळतो. हुकमाची किंमत त्याने निवृत्तीनंतर एकट्याने मोजायची हे मला मान्य नाही.

---

निळावंती

वैद्यांबद्दल वाचून आजही राग येतो. तरी या धाग्यात एक बाजू पूर्ण सुटली आहे ती मांडते.

संरक्षक तुकडीतली माणसं येतात कुठून? तपासातून. सीआयडीचं मूळ काम सैनिकांवर आणि सैनिकांकडून होणाऱ्या गंभीर गुन्ह्यांचा तपास: खून, लैंगिक अत्याचार, अपहार. एप्रिल २०२० मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूडवर व्हेनेसा गिलेन या वीस वर्षांच्या सैनिक मुलीचा खून झाला. तिचे अवशेष सापडायला दोन महिने लागले. त्यानंतर नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अहवाल डिसेंबर २०२० मध्ये आला. तिथल्या सीआयडीत अनुभवी तपास अधिकारी पुरेसे नव्हते, जे होते त्यांच्यावर कामाचा बोजा होता, असं त्यात स्पष्ट आहे. पुढे सगळा विभाग नव्याने बांधावा लागला आणि २०२१ मध्ये प्रमुखपदी पहिल्यांदा नागरी संचालक आला.

आणि तरी ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने वृत्त दिलं की संरक्षणमंत्री हेगसेथ यांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या बंदोबस्तासाठी तपासावरची माणसं ओढली जात आहेत. पेंटॅगॉनचं म्हणणं होतं की हे सगळं धोका पाहून, सीआयडीच्याच शिफारशीने झालं. असेलही. पण एक अधिकारी एखाद्या घराबाहेर गाडीत बसतो तेव्हा कुठल्यातरी तळावर एका मुलीची तक्रार टेबलावर पडून राहते. तिच्यासाठी झेड प्लस नाही, तिच्यासाठी तो तपास अधिकारी हेच संरक्षण आहे.

माजी अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं संरक्षण द्या म्हणणं सोपं आहे. माणसं कोणाच्या वाट्याची काढणार ते आधी सांगा.

---

अक्षांश

@निळावंती, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. माझं उत्तर असं: दोन्ही कामं एकाच हजेरीपटातून भागवायची ही पद्धतच मोडली पाहिजे. अंगरक्षणाला वेगळी, कायमची, पुरेशी माणसं मंजूर करा. तपास अधिकाऱ्याला तात्पुरतं उचलून आणलं की दोन नुकसानं होतात. तपास थांबतो, आणि अंगरक्षणात अर्धवट सरावलेला माणूस येतो.

पण टंचाई आहे म्हणून कात्री कुठे लावायची, हे ठरवताना धोक्याचं मोजमाप आधी यायला हवं. विद्यमान पदाधिकाऱ्याच्या रिकाम्या घरावर पहारा आणि ज्याला परकीय सत्तेने नाव घेऊन धमकावलं आहे अशा निवृत्ताला शून्य, हे गणित मला पटत नाही.

---

पायवाट

एक मुद्दा अंगरक्षकांच्या मर्यादेचा. ५ ऑगस्ट २०१४, काबुलजवळची लष्करी अकादमी. अमेरिकेचे मेजर जनरल हॅरॉल्ड ग्रीन एका भेटीत होते, आजूबाजूला सशस्त्र माणसं होती. गोळ्या झाडल्या अफगाण सैन्याच्याच गणवेशातल्या एका सैनिकाने. ग्रीन ठार झाले, एक जर्मन ब्रिगेडियर जनरल जखमी झाले. मग १८ ऑक्टोबर २०१८, कंदाहार. बैठक संपवून सगळे बाहेर पडत होते. अमेरिकन सेनापती जनरल स्कॉट मिलर थोडक्यात वाचले, पोलीसप्रमुख अब्दुल रझिक गेले. हल्लेखोर गव्हर्नरच्या सुरक्षेतला होता.

आपल्याला ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची त्यांच्याच रक्षकांनी केलेली हत्या, आठवते, त्यामुळे जास्त लिहीत नाही. कडं जितकं मोठं तितकी आतली माणसं जास्त, आणि त्यातल्या प्रत्येकाची पडताळणी करावी लागते. अफगाणिस्तानात असे हल्ले वाढल्यावर नाटोने बैठकीच्या वेळी फक्त मित्रांवर नजर ठेवायला वेगळे सैनिक नेमायला सुरुवात केली होती. ज्यांच्याबरोबर चहा प्यायचा त्यांच्याच हातांकडे बघत उभं राहायचं, हे काम मनावर फार ताण देणारं असणार.

---

मृगधारा

पायवाट यांच्या मुद्द्याला जोडून मोबाइलचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल मोंद या फ्रेंच दैनिकाने दाखवलं की राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक धावताना मार्ग नोंदवणारं स्ट्रावा ॲप चालू ठेवतात, आणि त्यावरून मुक्काम कुठल्या हॉटेलात आहे ते कळतं. फ्रान्स, अमेरिका, रशिया, तिन्हीकडचे अंगरक्षक त्यात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं की जूनच्या युद्धात इस्रायलने इराणच्या वरिष्ठांचा माग त्यांच्या रक्षकांच्या फोनवरून काढला. वरिष्ठांनी फोन जवळ ठेवायचे नाहीत हा नियम पाळला जात होता, रक्षकांचे आणि ड्रायव्हरचे फोन चालू होते.

---

सह्यकडा

मॉस्कोतही डिसेंबर २०२४ मध्ये लेफ्टनंट जनरल इगोर किरिलोव्ह स्वतःच्या इमारतीच्या दारात मारले गेले. स्कूटरमध्ये बॉम्ब होता. सोबत त्यांचा सहायकही गेला. घराचं दार हीच जागा वारंवार दिसते: डोझियर, किरिलोव्ह. कार्यालय आणि कार्यक्रम सांभाळले जातात, सकाळी कामाला निघायची वेळ आणि दार तेच राहतं.

---

पायवाट

इतर देशांचंही थोडं. ब्रिटनमध्ये रॉयल मिलिटरी पोलिसांची क्लोज प्रोटेक्शन शाखा आहे, तिचं प्रशिक्षण हॅम्पशायरच्या लाँगमूरला चालत आलं आहे. वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांबरोबर धोक्याच्या राजधान्यांतले राजदूतही त्यांनी सांभाळले. जर्मनीत हे काम फेल्डयेगर, म्हणजे त्यांचे लष्करी पोलीस करतात. त्यामुळे हे अमेरिकेचं वैशिष्ट्य नव्हे, बऱ्याच सैन्यांनी स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला.

---

निळावंती

रेडकॅप काका, एक विचारायचं होतं. मे २०२१ मध्ये आपल्या मिलिटरी पोलिसांत त्र्याऐंशी महिला जवानांची पहिली तुकडी बंगळुरूहून बाहेर पडली. अंगरक्षणात त्यांचा उपयोग खरंच होतो, की फक्त संचलनापुरता?

---

रेडकॅप_निवृत्त

@निळावंती ताई, उपयोग नक्की आहे. साहेबांबरोबर मॅडम असतात, लहान मुली असतात. घरगुती समारंभात पुरुष अंगरक्षक एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. महिला रांगेची झडती तर महिलेनेच घ्यायची असते. शिवाय साध्या वेशातली बाई गर्दीत वेगळी दिसत नाही. प्रशिक्षणात तिला सूट नको, हे मात्र ठाम मत आहे. वजन उचलून पळावं लागतं, आणि साहेबांचं वजन कमी होत नाही.

---

मृगधारा

अक्षांश, शेवटचा एक प्रश्न. निवृत्तांना संरक्षण द्यायचं की नाही, हे अमेरिकेत कायद्याने कोण ठरवतं? मंत्र्याच्या मर्जीवरच आहे का?

---

अक्षांश

कायदा आहे. धोका सेवेतल्या कामामुळे असेल तर माजी अधिकाऱ्यालाही संरक्षण देण्याची त्यात तरतूद आहे. निर्णय लेखी हवा, कारणासह हवा, आणि संसदेच्या समित्यांना कळवायला हवा. पण तो घ्यायचा संरक्षणमंत्र्याने. तोही राजकीय माणूस. माझ्या मते इथेच दुरुस्ती हवी: धोक्याचं मूल्यमापन गुप्तचर आणि तपास यंत्रणांनी करावं, आणि त्यांनी धोका कायम आहे म्हटलं तर संरक्षण काढण्याचा अधिकार एकट्या मंत्र्याकडे नसावा. काढायचं असेल तर कारण संसदेच्या समितीपुढे बंद दाराआड तरी सांगावं.

---

सह्यकडा

यात एक अडचण राहते. अधिकाऱ्यालाच नको असेल तर? आयुष्यभर सैन्यात राहिलेला माणूस, निवृत्तीनंतर भाजी आणायला चार बंदूकवाले घेऊन जायला तयार होत नाही. रेडकॅप साहेब, अशा वेळी काय करतात?

---

रेडकॅप_निवृत्त

असे बरेच असतात, आणि त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. हुद्दा त्यांचा मोठा, अनुभव मोठा, "मी लढाई पाहिली आहे" म्हणाले की संपलं.

मी माझ्या मुलांना सांगत असे, साहेबांचं स्वातंत्र्य कमी करायला जाऊ नका, त्यांची सवय समजून घ्या. सकाळी फिरायला जायचंच असेल तर जाऊ द्या, पण वेळ आणि रस्ता रोज बदला. वेळ बदलायची सूचना मॅडमकडून आली तर ऐकतात. गाडी स्वतः चालवायचा हट्ट असेल तर त्यावर मात्र अडून बसायचं. चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर आणि हात स्टिअरिंगवर अडकलेले असतात, धोका दिसला तरी त्याला खाली वाकता येत नाही. "साहेब, चार माणसांत तुम्ही उठून दिसता म्हणून मागे बसा" असं सांगितलं तर चिडतात. "साहेब, ड्रायव्हरचा सराव राहिला पाहिजे, त्याला चालवू द्या" म्हटलं तर देतात किल्ली. जवानाच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की सैन्यातला माणूस नाही म्हणत नाही.

तरी ऐकलं नाही तर लेखी कळवायचं, त्याच दिवशी, वरच्या कार्यालयाला. पण लिहून कळवलं म्हणून ड्युटी संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच दाराशी हजर राहायचं असतं, आणि एक गाडी अंतर ठेवून मागे जायचं असतं, त्यांना आवडो न आवडो.